अधिकारपदावरील आत्मपरीक्षण

रत्नागिरी परिसरातील आपले अनेक बंधुभगिनी शाळेत मुख्याध्यापक, बँकेत शाखाधिकारी, रुग्णालयात मुख्य परिचारिका किंवा कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून जबाबदारी सांभाळीत आहेत. अधिकाराबरोबर एक धोकाही येतो. माणूस जसजसा वरच्या पदावर जातो, तसतसे त्याच्या तोंडावर खरे बोलणारे कमी होतात.

प्रस्तुत लेखकालाही हा अनुभव आला आहे. एका शाळेचा कारभार पाहत असताना शिक्षकांच्या सभेत कोणीही हरकत घेत नसे. सर्वांचे एकमत आहे, अशी माझी समजूत होती. एक ज्येष्ठ शिक्षक निवृत्त होताना एकांतात म्हणाले, "फादर, प्रश्नही आपणच विचारता आणि उत्तरही आपणच देता." ज्याला मी एकमत समजत होतो, ते मौन होते.

जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली या गोष्टीचे सोपे चित्र मांडले. दोघांच्या नावांवरून त्याला 'जोहारी खिडकी' म्हणतात. तिला चार तावदाने आहेत : मला व इतरांना ठाऊक असलेले, केवळ मला ठाऊक असलेले, इतरांना दिसते पण मला दिसत नाही ते, आणि कोणालाच ठाऊक नसलेले. अधिकाऱ्याचा घात होतो तो तिसऱ्या तावदानामुळे. ते केवळ चिंतनाने उघडत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे शब्द ऐकावे लागतात.

आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला व विधवाविवाहाच्या प्रसाराचे कार्य हाती घेतले. त्यामुळे मुरूड गावी त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तेथे पाठविलेल्या मुलींचे पुनर्विवाह लावले जातील, अशी पालकांना धास्ती वाटे. आपला हेतू शुद्ध आहे एवढ्यावर कर्वे थांबले नाहीत. आपण लोकांना कसे दिसतो, याचाही त्यांनी विचार केला. आश्रमाचे ध्येय शिक्षण हेच ठेवून त्यांनी ही दोन कार्ये परस्परांपासून वेगळी राखली.

ख्रिस्ती परंपरेत या साधनेला जुना आधार आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यातील आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या अशा : देवाचे आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवसाचा आढावा घेणे, क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे. कार्यालयातून परतल्यावर हा आढावा घेताना स्वतःला विचारावे : आज मी कोणाचे बोलणे मध्येच तोडले? चूक माझी असताना कोणाला बोल लावला? कोणाच्या चांगल्या कामाची दखल घ्यायची राहिली?

यास आणखी एक सवय जोडावी. आपल्या हाताखालच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला महिन्यातून एकदा विचारावे, "माझ्या कोणत्या वागण्याने तुमचे काम अवघड होते?" उत्तर मिळाल्यावर खुलासा करू नये, केवळ आभार मानावेत. पहिल्या वेळी खुलासा केला, तर दुसऱ्या वेळी उत्तर मिळणार नाही.

कुसळ आणि मुसळ यांविषयीची प्रभू येशूची शिकवण आपल्याला परिचित आहे. ती अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्याने प्रथम स्वतःला लावून पाहावी. त्या ज्येष्ठ शिक्षकांचे शब्द तेव्हा मला झोंबले होते. आज मी त्यांचा ऋणी आहे.