पोटाचें दुखणें आणि मनाचा आरसा

परीक्षेच्या दिवशीं पोटांत कालवाकालव होते, हा अनुभव कोणास नाहीं? कित्येकांना मात्र हा त्रास महिनोन्‌महिने छळतो. पोट दुखतें, कधीं मलावरोध तर कधीं जुलाब होतात. तपासणींत आंतड्यांत व्रण वा सूज सांपडत नाहीं. घरचीं माणसें मग ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळीं होतात. हा न्याय नव्हे. ‘आयबीएस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या विकारांतील वेदना खरीच असते.

मेंदू व आंतडीं मज्जातंतूंनीं जोडलेलीं आहेत. मांजर चिडलें कीं त्याच्या जठराची हालचाल थांबते, हें वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहून १८९८ सालीं प्रसिद्ध केलें.

‘बायोफीडबॅक’ ही पद्धति याच संबंधाचा उपयोग करते. मन अस्वस्थ झालें कीं रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोटें गार पडतात. बोटास लावलेलें यंत्र तें उष्णतामान आंकड्यांनीं दाखवितें. रुग्ण संथ श्वास घेऊन मन निवविण्याचा सराव करतो. आंकडा चढला म्हणजे आपण शांत होत आहों हें त्यास प्रत्यक्ष दिसतें. यंत्र केवळ आरसा. सराव ज्याचा त्यानेंच करावयाचा.

मात्र २०१९ सालच्या कॉक्रेन समीक्षेस या विकारांत तिचा गुण निश्चित ठरविण्याइतका पुरावा आढळला नाहीं. म्हणून ती औषधाची जोड समजावी, पर्याय नव्हे. शौचावाटे रक्त जात असेल वा वजन घटत असेल, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें. आणि घरच्यांनीं प्रथम तें दुखणें खरें मानावें. त्यास यंत्र लागत नाहीं.