हळद्याच्या जागी

गेल्या महिन्यात सांगलीहून अण्णांचा फोन आला, तेव्हा मी मस्जिद बंदरच्या पेढीवर हळकुंडांचे नमुने पाहत बसलो होतो. गोदामाच्या जिन्याखाली एक कुत्री व्यायली आहे, चार पिले आहेत, त्यांतले एक पांढरे स्वच्छ आहे, असे त्यांनी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, "आई विचारते आहे, ठेवायचे का? तू सांगशील तसे करू." मी म्हणालो, "उद्या कळवतो." असे उत्तर देणारे गिऱ्हाईक सहसा परत येत नाही, हे इतक्या वर्षांच्या व्यापाराने मला शिकवले आहे. त्या गोष्टीला आज तीन आठवडे झाले. पिलांचे डोळे केव्हाच उघडले असतील.

आमचा हळद्याही असाच पांढरा होता. २०११ च्या हंगामात हमालांच्या मागे मागे तो गोदामात आला आणि पोत्यांच्या थप्पीमागे झोपू लागला. हळकुंडांना पॉलिश करताना जी धूळ उडते, ती माणसाच्या कपड्यांतून धुऊनही जात नाही. कुत्र्याच्या केसांतून ती कशी जावी? महिन्याभरात पिलू पिवळे झाले. हळद्या हे खरे तर एका देखण्या पक्ष्याचे नाव. पण हमालांनी ते त्याला दिले आणि ते त्याला शोभले. आंघोळ घातली की दोन दिवस तो पांढरा दिसे आणि जरासा लाजल्यासारखा वावरे. गोदामातून तो घराच्या अंगणात केव्हा आला आणि अंगणातून सोप्यावर केव्हा, हे कोणालाच नेमके सांगता येणार नाही. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र त्याने कधी ओलांडला नाही. आईने एकदाच बोट दाखवून सांगितले होते.

जैन घरात कुत्रा कसा, असा प्रश्न आमच्याच नात्यातल्या अनेकांनी तेव्हा विचारला. प्रश्न प्रामुख्याने आहाराचा असे. हळद्या आमच्याच घरचे अन्न खाऊन तेरा वर्षे जगला. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या सहवासात त्याचे पोट बदलले आहे. पिष्टमय अन्न पचवण्यास लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतात, असे २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तथापि नुसत्या दूध-भाकरीवर पिलू वाढत नाही, असे जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला प्रथमच बजावले होते. प्रथिनांसाठी डाळी, सोयाबीन, पनीर हवे. मोठ्या कुत्र्याला दूध पुष्कळदा पचत नाही, त्यापेक्षा दही बरे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात, असे सांगून ते स्वतःच हसले, कारण आमच्या स्वयंपाकघरात त्या दोन्ही वस्तू येतच नाहीत. मात्र द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासारखे असतात, हे ऐकून आई सचिंत झाली. सांगलीच्या घरात बेदाण्याची वाण कधी नसते! तेव्हापासून शिऱ्यात बेदाणे घालणे तिने सोडले, ते आजतागायत. आई सूर्यास्तानंतर काही घेत नाही. हळद्याची थाळीही ती सूर्यास्तापूर्वीच घासून पालथी घालीत असे. त्याने कधी तक्रार केली नाही. रात्री गल्लीत फिरून तो आणखी काय खात असे, याची चौकशी आम्ही केली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

२०१४ मध्ये मुंबईची पेढी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांच्या शिक्षणासाठी पत्नी पुण्याला गेली, मी भुलेश्वरच्या एका जुन्या इमारतीतील खोलीत, आणि सांगलीच्या घरी आई, अण्णा, वहिनी. आपल्या व्यापारी कुटुंबांची आज अशी तीन-तीन गावांत वाटणी झालेली आहे. त्यात नवल असे काही नाही. शनिवारी रात्री मी मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघे, रविवारी पहाटे सांगलीला उतरे आणि रविवारीच रात्री परत फिरे. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा.

रविवारी पहाटे रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली, की हळद्या तेथे बसलेला असे. मी येणार नसेन त्या रविवारी तो बसत नसे. त्याला वार कळतो, असे शेजारचे लोक कौतुकाने सांगत. मला त्यात चमत्कार दिसत नाही. मी येणार असलो म्हणजे आई नेहमीपेक्षा तासभर आधी उठे, पाणी गाळून चहाचे आधण ठेवण्याच्या तयारीला लागे, पुढच्या दाराची कडी काढून ठेवी. कुत्र्याला कॅलेंडर लागत नाही. आईच्या पावलांचा आवाज पुरतो. पण चमत्कार नसला म्हणून त्या बसण्याचे मोल कमी होत नाही. उजव्या हाताने त्याची मान खाजवता यावी म्हणून रिक्षातून उतरण्यापूर्वीच मी पिशवी डाव्या खांद्यावर घेत असे. आजही घेतो. गल्लीत कोणी नसते, तरी पिशवी आपोआप डाव्या खांद्यावर जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. २००५ च्या पुराने हरिपूरची हळद साठवण्याची पेवे निकामी केली होती. त्या वेळी हळदीचे झालेले हाल आम्ही पाहिले होते. पण पाणी इतके चढेल असे या वेळीही कोणाला वाटले नाही. गणपती पेठेत पाणी शिरले. आई, अण्णा, वहिनी आणि हळद्या वरच्या मजल्यावर गेले. मी मुंबईत अडकलो. रस्ते बंद, रेल्वे बंद. अण्णांचा फोन लागे तेव्हा मागून हळद्याचे भुंकणे ऐकू येई आणि तेवढ्यावर मी रात्र काढी. तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत आधी माणसे, जनावरे नंतर, असे त्या मंडळींनी सांगितले. त्यांचे काहीच चुकले नाही; शेजारच्या वाड्यात तान्ही मुले होती. आई म्हणाली, "मग मुलांना न्या. आमच्याकडे पाणी आहे, चुरमुरे आहेत. आम्ही थांबतो." अण्णांनी वहिनींना बोटीत बसवले आणि स्वतः आईजवळ राहिले. दोन दिवसांनी दुसरी बोट आली. तिच्यात आई चढली ती हळद्याला पदराखाली घेऊनच.

मी फोनवर आईला रागावलो होतो. कुत्र्यासाठी जीव धोक्यात घालणे मला पटले नाही आणि आजही पटत नाही. पण दूर मुंबईत कोरड्या खोलीत बसून मी ते बोलत होतो, एवढे मला त्याच वेळी जाणवले.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये हळद्या गेला. वय झाले होते, मूत्रपिंडे थकली होती. मंगळवार होता. सकाळी अण्णांनी कळवले की त्याने पाणीही सोडले आहे. त्या दिवशी एका मोठ्या सौद्याचा निकाल लागायचा होता. रविवारी जाऊ, असे मी ठरवले. रविवारपर्यंत तो थांबला नाही. जीवंधर राजपुत्राने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितल्याची कथा आपल्यातील बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. आईनेही तेच केले. अण्णांनी त्याला हरिपूरच्या बाजूला, मळ्याच्या बांधावर पुरले. सौदा चांगला झाला. त्यात किती सुटले, ते आज मला आठवत नाही.

या वर्षभरात दुसऱ्या कुत्र्याची ओढ मला किती वेळा लागली, हे लिहिताना संकोच वाटतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने कुत्र्यासाठी हुरहुरावे, हे आपल्या पेठेत कोण समजून घेणार? दिवसभर पेढीवर माणसांचा राबता असतो, तेव्हा काही जाणवत नाही. खोलीवर परतल्यावर कुलूप उघडण्याचा आवाज आतून कोणी ऐकत नाही, हे मात्र रोज जाणवते. मुंबईतच एखादा कुत्रा पाळावा, असेही मनात येऊन गेले. गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे, तेव्हा घरमालकाशी वाद घालता आला असता. पण सकाळी नऊ ते रात्री आठ त्या दहा बाय बाराच्या खोलीत कुत्र्याने काय करायचे? सूचना माझ्या बाजूने आहेत. दिवसभर त्या त्याच्याजवळ बसणार नाहीत.

मी राहतो तेथून भुलेश्वरचा पांजरापोळ जवळच आहे. रोज संध्याकाळी त्याच्यावरून जातो. आज तेथे गाई दिसतात, चारा घालणाऱ्यांची गर्दी असते. पण या संस्थेचे मूळ कुत्र्यांत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १८३२ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. आठ आण्यांसाठी लोक दारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून महिन्यात पारशी समाज चिडून उठला. बाजार बंद झाला, त्या हरताळात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजातील शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने हा पांजरापोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन, दोघेही दर्यावर्दी व्यापारी, आणि निमित्त रस्त्यावरचे कुत्रे. घरापासून दूर राहणारे किती मुनीम आणि गुमास्ते तेव्हा या गल्ल्यांतून राहत असतील! त्यांच्यापैकी एखाद्याच्या ओट्यावर रात्री येऊन बसणारे कुत्रेही त्या आठ आण्यांत गेले असेल, असे मला नेहमी वाटते. पुरावा काही नाही.

जपानमधील हाचिकोची गोष्ट मुलांच्या पाठ्यपुस्तकांमुळे, चित्रपटांमुळे आता सर्वांना माहीत झाली आहे. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये अचानक वारले आणि हा कुत्रा १९३५ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, टोकियोच्या शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. ही कथा आपण निष्ठेची म्हणून सांगतो. हळद्या गेल्यापासून मला तीत ती दहा वर्षेच दिसतात. प्राध्यापक मेले होते. त्यांचा इलाज नव्हता. मी तर जिवंत होतो, आणि माझ्या कुत्र्याने दहा वर्षे महिन्यातून दोन रविवार मोजले. उरलेले दिवस त्याने कसे काढले, हे आईला विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

आणि तरीही पांढऱ्या पिलाची गोष्ट ऐकल्यापासून रात्री झोप लागण्यापूर्वी मी त्याला गोदामाच्या जिन्याखाली पाहतो. ही ओढ माझी आहे. कष्ट मात्र आईचे, अण्णांचे आणि वहिनींचे होणार. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. हा हिशेब कोणत्याही बाजूने मांडला, तरी जुळत नाही. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या स्वस्तात सुटता येते, म्हणून बदलीच्या आणि स्थलांतराच्या गावी मागे राहिलेली कुत्री आपल्याला दिसतात. हळद्याही मुळात अशाच कोणाच्या तरी मागे राहिलेल्या कुत्रीचे पिलू असेल.

काल रात्री शेवटी मी सांगलीला फोन केला. अण्णांशी न बोलता सरळ आईला मागून घेतले. म्हणालो, "आई, मला हवे आहे म्हणून तू होय म्हणू नकोस. रोज फिरवायचे कोणी, दवाखान्यात न्यायचे कोणी, ते आधी सांग." आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, तुला विचारले ते तुझ्यासाठी नाही. दुपारी सोप्यावर मी एकटी असते. अण्णा गोदामात, वहिनी दुकानात. हळद्या होता तेव्हा मी बोलत तरी होते."

एवढ्या वर्षांत मला हे सुचले नव्हते.

आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिलाला त्याच्या आईपासून तोडायचे नाही, रेबीजच्या आणि इतर लसी वेळेवर द्यायच्या, त्या कुत्रीचीही शस्त्रक्रिया करून घ्यायची, असे मी अण्णांना सांगितले आहे. आठ आठवडे पौषात भरतात. नवी हळद बाजारात येऊ लागण्याचे तेच दिवस. पेढी सोडून हलता येत नाही. तरी त्या शनिवारचे महालक्ष्मीचे तिकीट काढून ठेवले आहे. नाव आईनेच ठेवावे, असे मी म्हणालो. ती म्हणाली, आधी ते पिवळे होऊ दे.