फोल्डरला कुलूप लावता येतं का? गिट, सबव्हर्जन आणि परवानग्या

एमएस्सीची एक विद्यार्थिनी आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी येणार होती. तिला विश्लेषणाचा कोड द्यायचा होता. पण त्याच गिट रिपॉझिटरीत ‘डेटा’ नावाचा फोल्डर होता, त्यात रुग्णांची माहिती, आणि ती पाहायची परवानगी फक्त तिघांना. “मग तेवढा फोल्डर लपव की,” सर म्हणाले. मी दोन दिवस खटपट केली. नाही जमलं. का, ते आज सांगते.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची वही. पुण्यात हे काम कॉम्प्युटरच्या आधीपासून चालतं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. पाठभेद तळटीपांत नोंदवलेले, आणि पर्वागणिक संपादक वेगळा: आदिपर्व सुकथनकरांकडे, विराटपर्व रघु वीरांकडे, सभापर्व अमेरिकेतल्या एजर्टन यांच्याकडे. ग्रंथ एक, पण लिहिण्याचा अधिकार भागाभागाने वाटलेला.

सबव्हर्जन (वय २५ च्या आसपास, आता जरा म्हातारं झालंय) नेमकं असं वाटप करू देतं. सगळा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. तिथल्या एका साध्या फाइलीत लिहायचं: ‘कोड’ फोल्डर विद्यार्थ्यांना वाचायला-लिहायला, ‘डेटा’ फोल्डर त्यांना दिसायचाच नाही. मोठ्या एक्सेल फाइलीला ‘मी काम करतोय, थांबा’ असं कुलूपही लावता येतं. तोटा असा, की सर्व्हरशी संपर्क तुटला की कमिट बंद. वीज गेली की चहा.

गिट २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्यात ‘मध्यवर्ती’ असं काही सक्तीचं नाहीच. क्लोन केलं, की साधारणपणे अख्खा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर. शिवाय प्रत्येक कमिटचा क्रमांक सगळ्या फाइली आणि आधीचा इतिहास यांवरून काढलेला असतो. मधला एक फोल्डर गाळला तर हिशेबच बदलतो. म्हणून वाचण्याची परवानगी अख्ख्या रिपॉझिटरीला, नाहीतर नाही.

लिहिण्याचं मात्र तसं नाही. गिटहबवर मुख्य शाखा ‘संरक्षित’ करता येते, म्हणजे दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल आत जात नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर सीताराम चामर्ती यांचं गिटोलाइट बघा: कोणी कोणत्या शाखेत लिहायचं, इतिहास पुसून नवा ढकलायची मुभा कोणाला, सगळं एका फाइलीत. हवं तर फोल्डरनुसार लिहिणंही अडवता येतं. वाचणं मात्र नाही, हा मुद्दा तिथेही सुटत नाही.

मग आम्ही काय केलं? डेटासाठी वेगळी रिपॉझिटरी. फोल्डर नुसता डिलीट करून भागत नाही बरं का, जुन्या कमिटमध्ये तो तसाच बसलेला असतो. फिल्टर-रेपो वापरून इतिहासातूनच काढला. सगळे क्रमांक बदलले, सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागलं, दोन दिवस शिव्या खाल्ल्या. तरी आधी घेतलेल्या प्रती ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर उरतातच. त्या आम्ही एकेकाला विचारून पुसून घेतल्या. एक सीनियर पोस्टडॉकसाठी जर्मनीत गेलाय. त्याला मेल केली आहे. उत्तर अजून यायचंय.