कंबर वाचली, मनगटही जपा
कापसाचा हंगाम तोंडावर आला की बोदवडच्या जिनिंगांमध्ये अवजड मोटारी वर चढवण्याचे काम निघते. हँडल फिरवून चालणारी लिफ्ट कंबर वाचवते. पण तिचा ब्रेक निसटला, तर उलटे फिरणारे हँडल मनगट मोडू शकते. तेलकट ब्रेक घसरतो. म्हणून तेल गिअरला द्यावे, ब्रेकच्या चकत्यांना नाही. तारेच्या दोराचे धागे तुटले असल्यास दोर बदलावा. तपासताना जाड हातमोजे घालावेत. लिफ्ट सपाट जमिनीवर, आधाराचे पाय पूर्ण उघडून उभी करावी. तिच्यावर माणूस चढवू नये, भाराखाली कोणी थांबू नये. बोट चिरडलेच, तर अंगठी लगेच काढावी, स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा आणि हळद, चुना न लावता रुग्णालय गाठावे.