फिरत्या इंजिनाचा ताप मोजावा कुठे?

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की ताप म्हणजे काय, हे येथे कुणाला शिकवावे लागत नाही. पण तो मोजावा कुठे, हा प्रश्न निराळा आहे. डॉक्टर थर्मामीटर जिभेखाली ठेवतात, तळहातावर नव्हे. विमानाच्या इंजिनात हीच जागा चुकली तर विमान गमावण्याची पाळी येते.

आधी एक घोटाळा दूर करू. पहिल्या महायुद्धात ज्यांना रोटरी म्हणत, त्या इंजिनांचे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगरत आणि वाऱ्याने थंड होत. आम्ही बोलतो आहोत ते जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांचे इंजिन, जे १९५७ साली प्रथम चालले. यात दट्ट्या नाही. तिकोनी रोटर एका घरात फिरतो. हा विषय आपल्याला अगदी परका नाही. अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि बंगळुरूच्या दोन संस्था यांनी मिळून असे ५५ अश्वशक्तीचे इंजिन घडवले आणि २००९ साली कोलारजवळ ते बसवलेले 'निशांत' हे वैमानिकरहित विमान उडाले. अशा विमानात धुराचा वास घेणारे, आवाज बदललेला ओळखणारे कुणी बसलेले नसते. जमिनीवरच्या माणसाला कळते ते तेवढे सेन्सर सांगेल तेच.

आता या इंजिनाचा स्वभाव पाहा. नेहमीच्या सिलिंडरात जेथे जाळ होतो, तेथेच पुढच्या खेपेला थंड हवा येते. भिंतीला उसंत मिळते. वांकेलमध्ये तसे नाही. हवा नेहमी एका बाजूने आत येते, जाळ नेहमी दुसऱ्या बाजूला होतो. भाकरी न फिरवता तव्यावर ठेवली तर एक कड करपते आणि दुसरी कच्ची राहते, तशीच गत. घर असमान फुगते आणि पाणी अडवणारी रबरी कडी जळाली तर कूलंट थेट आत शिरते.

म्हणून पहिला सेन्सर इंजिनातून कूलंट बाहेर पडते त्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या अलीकडे हवा. पलीकडे बसवला तर थर्मोस्टॅट बंद असताना तो थंडच राहील आणि आत काय चालले आहे याचा पत्ता लागणार नाही. दुसरा रेडिएटरमधून परतणाऱ्या नळीत. दोन्हींतील अंतर अचानक वाढले तर प्रवाह मंदावला, असा संशय घ्यावा. परंतु तोंडाशी दिसतो तो सरासरी ताप. प्लगजवळ पाणी स्थानिक उकळत असतानाही सुई नव्वदीवर निवांत असू शकते. उंचावर हवेचा दाब घटतो. तीन हजार मीटरांवर उघडे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. यासाठीच प्लगजवळच्या धातूत एक थर्मोकपल बसवावे, असे आमचे मत आहे.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. नळी फुटून कूलंट निघून गेले, तर सेन्सरचे बोंड कोरड्या हवेत लोंबकळते. हवा त्याला पाण्यासारखी उष्णता देत नाही. सुई खाली येते! पाहणारा म्हणतो, इंजिन निवले. आणि तिकडे धातू तापत असतो. यावर उपाय म्हणजे कूलंटचा दाब दाखवणारे वेगळे यंत्र. गळती झाली की दाब आधी पडतो. सेन्सर अगदी माथ्यावर, जेथे हवेचा बुडबुडा अडकतो, तेथे बसवू नये तो याच कारणाने.

निवडीबद्दल थोडेच सांगायचे. मोटारीतला थर्मिस्टर स्वस्त. तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. पाण्यासाठी तो पुरे. धातूच्या दाहकतेसाठी थर्मोकपल. मात्र एकाच तारेचा सेन्सर इंजिनाच्या अंगातून अर्थ घेतो. आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तर जोड कच्चा होतो आणि आकडा खोटा पडतो. दोन तारांचा घेतलेला बरा.

बसवण्यापूर्वी सेन्सर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरून पाहावा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. येथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. पडद्यावर नेमके शंभर दिसले तर तो दीड अंशाचा फरक वहीत लिहून ठेवावा.