पथ्याचा खर्च : रुग्णाच्या ताटाचा हिशोब

पथ्याची चिठ्ठी लिहिताना आपण गाईचे तूप, दूध, मूग, मध, डाळिंब ही नावे सहज लिहून जातो. चरकसंहितेतील नित्यसेवनीय द्रव्यांतही साळी, मूग, दूध, तूप व मध आहेतच. परंतु धाराशिव जिल्ह्यातील मजुराच्या घरी ही यादी परवडत नाही. औषध चालू राहते आणि पथ्य सुटते. म्हणून औषधाच्या मात्रेइतकाच ताटाचा हिशोबही वैद्याने करावा, असे आम्हांस वाटते.

शाकाहार स्वस्त असतो, हा समज अर्धाच खरा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम गहू-तांदूळ, व त्यातून प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या स्त्रीची गरज मात्र सुमारे ४६ ग्रॅमची. ही तूट डाळीने भरावी, तर डाळच महाग. २०१५ साली तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली होती. शिवाय खरिपात मूग-उडदाची बरीच जागा सोयाबीनने घेतली. ते बाजारात जाते, चुलीवर चढत नाही. घरची डाळ आता विकतची झाली.

मग सांगावे काय? देशसात्म्याचा विचार केल्यास उत्तर जवळच सापडते. २५० ग्रॅम ज्वारी, ६० ग्रॅम डाळ व ३० ग्रॅम शेंगदाणे यांतून ती गरज जवळजवळ भागते. ज्वारीतील प्रथिनांचे उणे डाळ भरून काढते. जोडीस अंबाडी वा तांदुळजा, जवस-कारळ्याची चटणी व लिंबाची फोड असावी. कास-श्वासाच्या रुग्णास तुपाऐवजी हुलग्याचे माडगे सांगता येते. रक्तपित्तात मात्र हुलगा वर्ज्य.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. दूध-ताकही न मिळणाऱ्या शाकाहारी रुग्णास या ताटातून जीवनसत्त्व ब-१२ मिळत नाही. पांडुता, हातापायांस मुंग्या ही लक्षणे दिसताच रक्त तपासावे व ब-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन द्यावे. येथे शास्त्राभिमान आड येऊ देऊ नये.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती, की अशक्त गिऱ्हाईकापुढे प्रथिन-चूर्णाचा डबा ठेवण्यापूर्वी घरी डाळ शिजते काय, हे विचारावे. पथ्य परवडले तरच ते पाळले जाते, आणि पाळले गेले तरच आपले औषध गुणास येते.