विभागीय विजेतेपदाचे वजन किती?

पावसाळा सरत आला की महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगाम रंगात येतो आणि वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या झळकू लागतात. साताऱ्याच्या पानावर सातारा विभागीय बास्केटबॉल स्पर्धेचा विजेता, तर सांगलीच्या पानावर सांगली विभागाचा. दोन्हीकडे करंडक उंचावलेले खेळाडू, शेजारी प्राचार्य आणि क्रीडा संचालक. दोघेही विजेतेच, परंतु या दोघांत सरस कोण, हा प्रश्न त्या बातम्यांतून सुटत नाही. विजेत्यांची गाठ पुढे आंतरविभागीय स्पर्धेत पडू शकते. पहिल्याच फेरीत गारद झालेल्या संघांची ताकद मात्र कोणीच मोजत नाही.

हा निव्वळ कट्ट्यावरील वादाचा विषय नाही. विद्यापीठाच्या संघात जागा असतात बाराच. तो संघ निवडताना कोणत्या विभागातील कोणत्या महाविद्यालयाचा खेळाडू नजरेत भरतो, यावर त्या मुलाचा किंवा मुलीचा पुढचा मार्ग ठरतो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, तेथून अव्वल संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे दारही त्याच वाटेवर उघडते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याचे निकष वरच्या पातळीवरील कामगिरीशी बांधलेले आहेत. तेरावा खेळाडू या साऱ्याला मुकतो.

शब्द एक, अर्थ अनेक

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाल्यानंतर कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत उरले. क्रीडास्पर्धांसाठीही हेच तीन विभाग. म्हणजे सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा विलिंग्डन महाविद्यालय सांगली विभागात, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सातारा विभागात.

ही विभागणी भूगोलाची आहे, ताकदीची नव्हे. तीन-चार हजार विद्यार्थ्यांचे शहरी महाविद्यालय आणि तालुक्याच्या गावातील तीन-चारशे विद्यार्थ्यांचे कला महाविद्यालय एकाच विभागात, एकाच सोडतीत येतात. या मुलखाला कुस्तीचे उदाहरण चटकन कळेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले ते बँटमवेट गटात. त्यांना हेवीवेट मल्लाशी झुंजावे लागले नाही. ऑलिंपिकच्या कुस्तीत वजन आधी पाहिले जाते, आखाडा नंतर. महाविद्यालयीन बास्केटबॉलला असे वजनगट नाहीत.

त्यातही विद्यार्थिसंख्येपेक्षा महत्त्वाचे ठरते ते विद्यार्थी कोठून येतात हे. अभियांत्रिकीचे प्रवेश राज्यस्तरीय प्रवेशप्रक्रियेतून होतात. त्यामुळे सांगली किंवा कराडच्या वसतिगृहात पुण्याचा, नागपूरचा, नाशिकचा मुलगा दाखल होतो आणि तो शाळेपासून बास्केटबॉल खेळलेला असू शकतो. डोंगरी तालुक्यातील महाविद्यालयात मात्र पंचक्रोशीतील मुले-मुली येतात. त्यांच्या शाळेत खो-खो आणि कबड्डीचे मैदान असते; बास्केटबॉलचा खांब त्यांना बहुधा महाविद्यालयातच प्रथम भेटतो. तेथील क्रीडा संचालकाला तीन वर्षांत खेळाडू घडवायचा असतो, दुसऱ्याला तयार खेळाडूंची मोट बांधायची असते. दोघांच्या पराभवाचा अर्थ सारखा नसतो.

एकाच गावातील महाविद्यालये एकाच छत्राखाली असतात, असेही नाही. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. सांगलीतील भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय पुण्यातील अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे. साताऱ्यात २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले : यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय. या शेवटच्या घटनेचे परिणाम दोन्ही बाजूंनी पाहावे लागतात. तीन महाविद्यालये मिळून विद्यापीठाचा एक संघ उभा करायचा, तर तेथील खेळाडूला विद्यापीठाच्या जर्सीची वाट जवळची होते. पण तो संघ पुढे तीन जिल्ह्यांतून, किंवा पुण्या-मुंबईच्या शेकडो महाविद्यालयांतून वेचलेल्या संघासमोर उभा राहतो. दुसरीकडे ही तीन नावे वगळल्यानंतरचा सातारा विभाग पूर्वीइतकाच बलवान आहे असे गृहीत धरता येत नाही. २०१५ चे सातारा विभागीय विजेतेपद आणि आजचे विजेतेपद एकाच तराजूत घालताना हे ध्यानात ठेवावे लागते.

कनिष्ठ महाविद्यालयांचा मामला आणखी निराळा. त्यांच्या स्पर्धा राज्याच्या क्रीडा खात्याच्या असतात आणि तेथे कोल्हापूर विभाग म्हणजे तीन नव्हे, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग धरून पाच जिल्हे. (महसुलाच्या हिशेबात हेच सातारा-सांगली पुणे विभागात मोडतात, ‘विभाग’ या शब्दाने सरकारी कागदांत जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या शब्दाने घातला असेल.) येथे महापालिका क्षेत्राला स्वतंत्र जिल्ह्यासारखे स्थान असते. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, त्यामुळे या शहरांतील संघ आपापसांत खेळून विभागीय पातळीवर जातो आणि उरलेल्या सांगली जिल्ह्याचा संघ वेगळा. सातारा शहरात नगरपालिका असल्याने तेथील संघाला कराड, फलटण, वाईच्या संघांसह एकाच जिल्हा स्पर्धेतून वर यावे लागते. दोघांच्या छातीवर ‘जिल्हा विजेता’ हीच अक्षरे. त्यामागची चढण सारखी नाही.

बाद पद्धतीचे गणित

बाद पद्धतीत आठ संघ असतील तर तीन सामने जिंकून विजेतेपद मिळते. चारच संघ आले, तर दोन पुरतात. मुलींच्या गटात प्रवेशिका कमी आल्या की हेच घडते. सोडतीत पहिल्याच फेरीत भावी विजेत्याशी गाठ पडलेला संघ कागदावर शेवटचा ठरतो आणि दुबळ्या बाजूने चाल मिळालेला संघ उपविजेता. हे अन्यायकारक वाटले, तरी दोन दिवसांत स्पर्धा उरकायची असेल तर दुसरा मार्ग नसतो. साखळी पद्धतीत आठ संघांना अठ्ठावीस सामने खेळवावे लागतील. तेव्हा दोष पद्धतीचा नाही. तिच्या निकालातून पहिल्या क्रमांकाखेरीज आणखी काही वाचू पाहणे चुकीचे.

मग गुणफरक पाहावा काय? निव्वळ गुणफरक फसवा असतो. समजा, साताऱ्याच्या संघाने सामना ८४-७२ असा जिंकला आणि सांगलीच्या संघाने ५२-४२ असा. पहिल्याचा फरक बारा, दुसऱ्याचा दहा. पण पहिला संघ धावता खेळ खेळतो. त्या सामन्यात प्रत्येक बाजूला ऐंशी वेळा चेंडूचा ताबा मिळाला. दुसरा संघ चेंडू फिरवत, चोवीस सेकंदांची मुदत पुरेपूर वापरत खेळतो. तेथे पन्नासच वेळा ताबा मिळाला. शंभर ताब्यांमागे हिशेब केला, तर पहिल्याची आघाडी पंधरा गुणांची आणि दुसऱ्याची वीस. संथ खेळणारा संघ गुणफलकावर नेहमीच कमी चमकतो.

अडचण अशी, की हा हिशेब आपल्या कागदपत्रांतून करता येत नाही. सामन्याच्या अधिकृत गुणपत्रकात झालेले गुण, फाउल आणि टाइमआउट यांची नोंद असते. किती फेकी हुकल्या, किती वेळा चेंडू हातचा गेला, रिबाउंड कोणी घेतले, याची नोंद त्यात नसते. त्यासाठी वही घेऊन बसलेला वेगळा माणूस लागतो. संघातील एखादा जायबंदी खेळाडूही हे काम करू शकतो.

मैदानाचाही वाटा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली आणि बास्केटखालचा समलंब चौकोनी भाग आयताकृती केला. जुने सिमेंटचे मैदान कधी रंगवले गेले, हे त्या चौकोनाच्या आकारावरून आजही सांगता येते. जवळच्या रेषेवर सराव केलेला नेमबाज नव्या मैदानावर अर्धा मीटर मागे सरकला, की त्याची टक्केवारी घसरते. सह्याद्रीला लगटून असलेल्या साताऱ्यात पाऊस सांगलीहून अधिक, तेव्हा उघड्या मैदानावरचा हंगामपूर्व सरावही दोन्हीकडे सारखा होत नाही.

अमेरिकेचा तोडगा

जेथे हा खेळ १८९१ साली जन्मला, त्या अमेरिकेत छोट्या महाविद्यालयांचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९७३ मध्ये संस्थांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात मोठ्या अंदाजपत्रकाची विद्यापीठे. तिसऱ्या गटात अशा संस्था, की ज्या खेळाच्या जोरावर कोणालाही शिष्यवृत्ती देत नाहीत. हे गट भूगोलाने नव्हे तर ऐपतीने आणि धोरणाने ठरतात. आपल्याकडील वजनगटाच्या कल्पनेच्या ते बरेच जवळ जातात.

गट पाडल्यावरही तुलनेचा प्रश्न संपला नाही, कारण एका गटातही शेकडो संघ असतात आणि बहुतेकांची एकमेकांशी गाठ पडत नाही. त्यासाठी १९८१ पासून एक सूत्र वापरात आले. संघाच्या स्वतःच्या विजयांना त्यात अवघे पंचवीस टक्के वजन होते. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना पन्नास टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले पंचवीस. म्हणजे किती जिंकलात, यापेक्षा कोणाशी खेळलात याला तिप्पट मोल. पहिल्या गटाने २०१८ मध्ये ते सूत्र सोडून अधिक गुंतागुंतीची पद्धत स्वीकारली. तीत प्रत्येक ताब्यामागील कार्यक्षमताही मोजली जाते.

एका सामन्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचे तेथील प्रसिद्ध उदाहरण १९८२ च्या डिसेंबरचे. हवाई बेटांवरील शॅमिनाड या हजाराच्या आत विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयाने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असे हरवले. सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन व्हर्जिनियाकडून खेळत होता. त्या रात्री शॅमिनाडच सरस होते, यात वाद नाही. म्हणून त्याला कोणी देशातील पहिला संघ ठरवले नाही. दहा सामने झाले असते तर चित्र निराळे दिसले असते, हे सारेच जाणून होते.

ते सूत्र उचलून येथे लावावे, तर ते चालणार नाही. तेथील संघ एका हंगामात पंचवीस-तीस सामने खेळतो. आपल्याकडील विजेता विभागीय फेरीत तीन-चार. शिवाय सूत्राला धागे लागतात. कराडच्या संघाने साताऱ्याच्या संघाला हरवले, साताऱ्याच्या संघाने फलटणच्या, एवढ्यावरून या तिघांची क्रमवारी लागेल. पण यांपैकी एकही संघ मिरजेच्या किंवा इस्लामपूरच्या संघाशी खेळला नसेल, तर दोन्ही विभाग म्हणजे पूल नसलेले नदीचे दोन काठ. आकडेमोड कितीही बारकाईची केली तरी तिला पलीकडे जाता येत नाही. सांगलीचा सर्वात दुबळा संघ साताऱ्याच्या विजेत्याहून बलवान असला, तरी विभागीय निकालांतून ते कधीच उघड होणार नाही. उलटही तितकेच शक्य आहे.

पूल बांधायला मात्र फार सामने लागत नाहीत. दोन्ही विभागांतील मधल्या फळीचे दोन-दोन संघ एकमेकांशी खेळले, तरी बाकीच्यांची साधारण तुलना करता येते. समान प्रतिस्पर्ध्याची कसोटी तेव्हाच कामाला येते. आमचा संघ त्यांच्याकडून आठ गुणांनी हरला, विजेता त्यांच्याकडून वीस गुणांनी जिंकला, अशी विधाने मग अर्थपूर्ण होतात. त्यांतही पन्नास गुणांच्या एकतर्फी विजयाला पन्नास गुणांचे मोल देऊ नये. आघाडी वीसच्या पुढे गेली की राखीव खेळाडू उतरतात आणि उरलेला सामना सरावाचा होतो. परीक्षेमुळे मुख्य खेळाडू आले होते की नव्हते, हे गुणपत्रकावरील नावांशी ताडून पाहावे. विद्यापीठाची निवड समिती आंतरविभागीय फेरीत खेळाडू पाहते. तेथवर न पोचलेल्या संघातील उंच मुलाकडे किंवा चपळ पॉइंट गार्डकडे लक्ष वेधायचे, तर क्रीडा संचालकाच्या हाती असे काही आकडे असलेले बरे. नुसती शिफारस प्रत्येकाकडेच असते.

साताऱ्याहून कराड सुमारे पन्नास किलोमीटर, सांगलीहून सुमारे सत्तर. सकाळच्या एसटीने निघालेले दोन्हीकडचे संघ तेथे दोन सामने खेळून संध्याकाळी घरी परतू शकतात. चाळीस मिनिटांचा सामना, एक चेंडू, दोन पंच आणि कडेला वही घेऊन बसलेला एक जण एवढीच सामग्री त्यासाठी लागते.